गेला दिसतंय

यंदाची ज्वारी हुरड्याला आली आणि मी माकणीला आले. लोहारा सोडल्यावर बसच्या खिडकीतून तो वास आत शिरला. कुठल्यातरी शेतात गोवऱ्यांची आगटी पेटली होती, तिच्यात कणसं भाजत होती. माझ्या शेजारच्या बाईंनी डोळे मिटले आणि त्या म्हणाल्या, "समदं लहानपण डोळ्यापुढं हुबं ऱ्हायलं बगा." मी मान डोलावली. खरं तर मला त्यांना विचारायचं होतं, की उभं राहिलं म्हणजे नक्की काय झालं? खरोखर काही दिसलं का? रंगबिंग होता का त्याला? पण अनोळखी माणसाला असलं विचारलं तर लोक जागा बदलून बसतात.

विचारायचं कारण असं, की माझ्या डोळ्यांपुढे कधीच काही उभं राहत नाही. डोळे मिटले की अंधार. शाळेचं नाव घ्या, आजोळचं घ्या, अंधारच. मला सगळं आठवतं, म्हणजे माहीत असतं. आवाज आठवतात, वास आठवतात, कोण काय बोललं ते तर भांडणात उपयोगी पडावं इतकं नीट आठवतं. पण चित्र नाही. आणि हे असं सगळ्यांचंच असतं, अशी माझी पस्तिशी उलटेपर्यंत समजूत होती. 'डोळ्यांपुढून हलत नाही' ही आपली बोलायची रीत. पोटात कावळे ओरडतात म्हणतो, म्हणून कुणी कावळे गिळलेले नसतात.

ही समजूत मोडली ती गोल्फमुळे. ज्या हुरड्याच्या दिवसांत ती मोडत होती, त्याच दिवसांत आमच्या अण्णांची नजर जात होती आणि ते आम्हाला कळत नव्हतं. दोन्ही गोष्टी एकाच अंगणात झाल्या. त्यांचा एकमेकींशी काय संबंध आहे, हे मला अजून लावता येत नाही. दर वर्षी या दिवसांत मी लावायला बसते आणि हुरडा संपतो.

अण्णा म्हणजे माझे वडील. एसटीत ड्रायव्हर होते. उमरगा, मुरुम, लोहारा, सास्तूर अशा रस्त्यांवर त्यांची नोकरी झाली. निवृत्तीनंतर ते आणि आई माकणीत राहतात, शेत बटाईने दिलेलं आहे. मी पुण्यात, ठिबकच्या नळ्या करणाऱ्या एका कंपनीत माल विकते. गोल्फचा आणि आमच्या घराण्याचा संबंध यायचं काही कारण नव्हतं. पण कंपनीत नवे साहेब आले, आणि मोठी गिऱ्हाइकं हिरवळीवर पटतात असं त्यांनी कुठंतरी ऐकलेलं होतं. झालं. शनिवारी सकाळी आम्हा सगळ्यांची वरात मैदानावर.

लांब मारायचं मला लगेच जमलं. लहानपणी दगडाने बोरं पाडलेला हात आहे. घोडं अडायचं ते शेवटी. चेंडू भोकाजवळ आला की हलक्या हाताने ढकलून तो आत घालायचा, याला पटिंग म्हणतात, आणि त्यासाठीची सपाट तोंडाची काठी म्हणजे पटर. दिसायला अगदी सोपं काम. माझा चेंडू मात्र भोकाला वळसा घालून पुढे जायचा, किंवा अलीकडेच दम टाकायचा. शिकवणारे सर शांत होते, लष्करातून आलेले. ते म्हणाले, "हात नीट आहे तुमचा. तुम्ही आधी बघत नाही. डोळे मिटा. चेंडू निघाला, उताराला वळला, काठावर आला, आत पडला. सगळं चित्र बघा आणि मगच मारा."

मी डोळे मिटले आणि सांगितलं की अंधार दिसतोय. सरांना वाटलं मी चेष्टा करतेय. मग मी बरोबरच्या एकेकाला गाठून विचारलं, तुम्हाला खरंच दिसतं? आणि प्रत्येकाला दिसत होतं. एकाला तर चेंडूची सावलीसुद्धा दिसत होती, आणि हा आमच्या हिशेब विभागातला अत्यंत रूक्ष माणूस. मी घरी आले ती सुन्न होऊन. म्हणजे इतकी वर्षं ही सगळी माणसं डोळे मिटून आपापला सिनेमा बघत होती आणि मला कुणी बोललं नाही?

त्याच सुमाराला ऑफिसची जागा बदलायची निघाली, तोवर घरून काम करा म्हणाले, आणि मी पटर आणि गुंडाळलेली हिरवी चटई घेऊन माकणीला आले. हुरडा नुकताच सुरू झाला होता. अंगणात चटई अंथरली. तिच्या टोकाला भोक, त्याच्यात वाटी. एका बाजूला न्हाणीचा पत्रा, समोर जोत्याचे दगड. शेजारच्या शांताकाकू सुपातून दाणे पाखडत बसायच्या, त्यांनी दोन दिवस बघून घेतलं आणि मग आईला विचारलं, एवढं शिकून, पुण्याला जाऊन, शेवटी गोटी गलातच घालायची व्हय? त्यांचंही बरोबरच होतं. आमच्याकडची पोरं गोट्या खेळताना मातीत जो खड्डा करतात तो गल, आणि मी दुसरं काय करत होते?

अण्णा खुर्ची टाकून बसायचे, माझ्याकडे पाठमोरे म्हणा किंवा अर्धवट वळलेले. तोंड रस्त्याकडे. हातात कणीस, ते चोळायचं, फुंकायचं, दाणे तोंडात टाकायचे. मी मारलं की मान न वळवता ते सांगायचे, "गेला दिसतंय." किंवा "पत्र्याला लागला दिसतंय." किंवा नुसतंच "लई हळू मारला दिसतंय." कधी चुकायचे नाहीत. मला गंमत वाटायची. ड्रायव्हरची नजर, मी आईला म्हणायचे, आरशात बघायची सवय झालेली माणसं ही, मान वळवायची गरज नाही.

आता या 'दिसतंय'चं बघा. हा शब्द मी जन्मापासून ऐकत आलेय आणि त्या हंगामापर्यंत एकदाही त्याच्याकडे निरखून पाहिलं नव्हतं. बाहेर कुत्रं भुंकलं की आई चुलीपुढून म्हणते, कुणीतरी आलं दिसतंय. शेजारी भांडं आपटलं की, भांडलेत दिसतंय. नळ फुसफुसला की, पाणी सुटलं दिसतंय. म्हणजे डोळ्यांनी जे दिसत नाही, नेमकं त्यालाच आम्ही दिसतंय म्हणतो. समोर दिसत असेल तर 'आलाय' म्हणून मोकळे होतो. दिसतंय म्हणायला न दिसणं लागतं. ज्या कुणी ही भाषा घडवली त्यांच्यात माझ्यासारखं कुणीतरी असावं, अशी मला शंका आहे.

आणि हाच शब्द आम्हाला फसवत होता. अण्णा म्हणायचे दिसतंय, आणि आम्ही धरून चाललो होतो की दिसतंय.

मोटारसायकलचंही तेच. अण्णा आईला मागे बसवून सास्तूरच्या बाजाराला जायचे. आई मागून सारखी बोलायची. पुढं बैलगाडी हाय बरं का. त्या म्हशीचं काय खरं न्हाय. डाव्या अंगानं पोरं चाललीत शाळेला. मी एकदा त्यांच्यामागून दुसऱ्या गाडीवर गेले होते, तर वाटभर आईचं तोंड चालूच. घरी आल्यावर मी तिला म्हणाले, अगं त्यांनी जन्मभर एसटी चालवली, तू त्यांना काय म्हैस दाखवतेस? आई म्हणाली, मग मी काय करू मागं बसून, झोपू? आम्ही सगळे हसलो. अण्णाही हसले.

ती दुपार लख्ख उन्हाची होती. चटईच्या कडेला आईने पोतं अंथरून त्यावर दाणे पसरले होते. मी मारलेला चेंडू चटईवरून उतरला, दाण्यांत शिरला आणि पोत्यावरून हळूच घरंगळत अण्णांच्या उजव्या पायापाशी जाऊन थांबला. कशालाच लागला नाही, त्यामुळे आवाज झाला नाही. थोडा वेळ गेला.

"गेला दिसतंय," अण्णा म्हणाले.

मला वाटलं, थट्टा करतायत. मी म्हणाले, "अण्णा, तुमच्या पायापाशी हाय की."

ते वाकले आणि डाव्या पायाजवळ चाचपायला लागले. पोत्यावरून हात फिरला, दाणे बाजूला झाले, खुर्चीच्या पायाला हात लागला. चेंडू पांढराशुभ्र होता आणि त्यांच्या उजव्या अंगठ्याला जवळजवळ टेकलेला होता. मी तो उचलून त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो तळहातावर फिरवला आणि म्हणाले, "ऊन उतरलं वाटतं." ऊन कुठलं उतरतंय, डोक्यावर होतं. आई दारात उभी होती, तिने सगळं पाहिलं. ती आत गेली आणि चहा टाकला. त्या वेळेला आमच्याकडे कधी चहा होत नाही.

मोतीबिंदू असेल, असं आम्ही एकमेकांना सांगत सोलापूरला गेलो. मोतीबिंदू असता तर काढला की झालं. वाटेत मी देवाला, बुद्धाला, ज्याचं ज्याचं नाव सुचेल त्याला मोतीबिंदूच दे म्हणून विनवलं. आमच्या घरात नवस करत नाहीत, अण्णांना कळलं असतं तर रागावले असते. डॉक्टरांनी काचबिंदू सांगितला. आत दाब वाढतो आणि नजर कडेकडेने मरत मध्ये सरकते. दुखत नाही, खुपत नाही. गेलेलं परत येत नाही, उरलेलं थेंब घालून सांभाळायचं. किती उरलंय, आईने विचारलं. डॉक्टरांनी टेबलावरचा कागद गुंडाळला आणि आईच्या डोळ्याला लावला. मी जन्मभर नळ्या विकतेय, मला नळीतून बघणं म्हणजे काय ते कागदाशिवाय कळलं.

म्हणजे रस्ता सरळ असेल तोवर अण्णांना समोरची पट्टी दिसत होती, आणि बाकीचा रस्ता आई सांगत होती. परतीच्या बसमध्ये मी आईला हळूच विचारलं, तुला माहीत होतं का. ती म्हणाली, "आधी कधी माझं ऐकायचे न्हायत. मी बोलली की वैतागायचे. हल्ली ऐकाय लागले, म्हणून मी बोलत ऱ्हायली. मला वाटलं आवडतंय."

मला हसू येत होतं आणि रडूही येत होतं, आणि बसमध्ये दोन्हीची सोय नव्हती.

अण्णांना मी घरी आल्यावर विचारलं. थोडं चिडूनच विचारलं, कारण मला भीती वाटली की मी चिडते. कधीपासून दिसत नाही, आणि बोलला का नाही? त्यांनी माझ्याकडे तोंड केलं. "बाई, मला कळलंच न्हाय. जे दिसत न्हाय, ते दिसत न्हाय हे कसं कळावं माणसाला? काळं थोडंच दिसतं तिथं. तिथं काहीच नसतं."

हे तर माझंच होतं. मलाही पस्तीस वर्षं कळलं नव्हतं. फक्त त्यांचं बाहेरचं गेलं होतं, आणि माझं आतलं बहुतेक आलंच नव्हतं. की त्यांना थोडं कळलं होतं आणि त्यांनी ते स्वतःलाही सांगितलं नाही? गाडी सुटेल, बाजार सुटेल, म्हणून? मी त्यांच्या जागी असते तर काय केलं असतं, हे डोळ्यांपुढे आणून बघायचा प्रयत्न केला. काय दिसणार, डोंबल.

मोटारसायकल न्हाणीमागे उभी राहिली ती कायमची. तिच्यावर आता गोधड्या वाळतात. अण्णा दुपारी खुर्चीवर बसून मुरुमपर्यंतचा रस्ता मनात चालवतात, हे मला नंतर समजलं. कुठलं वळण, कुठला पूल, कुठे एक वेडी बाभूळ रस्त्यावर वाकलेली, सगळं त्यांना दिसतं. मी विचारलं, खरंच दिसतं? ते म्हणाले, दिसतं म्हणजे काय, परवा त्या बाभळीला ब्रेक मारला. मला त्यांचा हेवा वाटला. ज्याचे डोळे चाललेत त्या माणसाचा हेवा वाटावा, हे काही चांगलं लक्षण नाही, पण वाटला.

आणि माझं पटिंग सुधारलं. कसं, ते सांगते, पण सांगून पटेल असं नाही. त्या हंगामात मी अण्णांसारखी पाठ करून उभी राहून ऐकायला लागले. चेंडू वाटीत पडताना आधी काठाला अगदी बारीक लागतो, मग टप्प करून बसतो. तो आवाज मला मनात ऐकू येत होता. चित्र येत नव्हतं, आवाज येत होता. मग मी मारायच्या आधी तो आवाज मनात वाजवायचा आणि मारायचं, असं सुरू केलं. पुण्यात परत गेल्यावर चेंडू बऱ्यापैकी आत जायला लागले. सर खूश झाले. म्हणाले, "आता दिसायला लागलं ना?" मी म्हणाले, "हो सर, दिसतंय." यात खोटं काही नव्हतं. आमच्या माकणीच्या अर्थाने दिसतच होतं.

पण मनात वाजवलेला आवाज चेंडूला कसा कळतो? की मी फक्त जास्त सराव केला म्हणून तो जातो? कंपनीच्या स्पर्धेत शेवटचा चेंडू मी असाच, आवाज वाजवून, आत घातला. त्या क्षणी साहेब आणि ते मोठं गिऱ्हाईक दोघंही फोनवर होते. कुणी पाहिला नाही. नळ्यांची ऑर्डर दुसऱ्याच कारणाने मिळाली.

हे सगळं त्या वर्षीचं. मध्ये हुरडे आले आणि गेले. थेंब चालू होते, नळी तेवढीच राहिली, आम्ही निर्धास्त झालो. या दिवाळीनंतर थेंब पुरेनासे झाले. डॉक्टर म्हणतात शस्त्रक्रिया करू. गेलेलं येणार नाही, पण उरलेलं टिकेल. क्वचित, अगदी क्वचित, उरलेलंही जातं. न करता बसलो तर ते हळूहळू जाणारच आहे. उद्या सकाळी सोलापूरला निघायचंय.

अण्णा कालपर्यंत तयार नव्हते. मी माझं सगळं विक्रीकौशल्य पणाला लावलं आणि मग, दुसरं काही सुचेना म्हणून, सरांची युक्ती काढली. मी म्हणाले, अण्णा, डोळे मिटा. ऑपरेशन झालंय, पट्टी सुटलीय, तुम्ही माझ्याकडे बघताय. दिसतंय का? ते म्हणाले, दिसतंय. मला बरं वाटलं. मग ते म्हणाले, "आन् पट्टी सुटलीय अन् अंधार हाय, ते बी दिसतंय. तुझा मास्तर म्हणतो चांगलंच तेवढं बग. गाडीवर तसं चालत न्हाय. आधी वाईट बगावं लागतं. लेकरू आडवं पळंल, बैल बुजंल. ते आधी दिसलं म्हणून तर ब्रेकवर पाय राहतो."

मी म्हणाले, पण इथं ब्रेक कुठं आहे? वाईट बघून तुम्ही करणार काय?

सरांचं खरं की अण्णांचं खरं, की माझ्यासारखं काहीच न बघता जाणं सगळ्यात बरं? आई म्हणाली, चला म्हणजे चला, मी हाय ना बोलायला. आणि अण्णा तयार झाले. माझ्या इतक्या बोलण्याने जे झालं नाही ते तिच्या एका वाक्याने कसं झालं, तेही मला कळलेलं नाही.

आज दुपारी आई शेताकडे गेली होती. अण्णांनी मला दारात बोलावलं. म्हणाले, उजेडाकडे तोंड करून बस. मी उंबऱ्यावर बसले. त्यांनी खुर्ची पुढे ओढली आणि अगदी जवळून माझ्याकडे बघायला लागले. त्यांना एका वेळी फार थोडं दिसतं, म्हणून ते तुकड्यातुकड्याने बघत होते. आधी कपाळ. मग एक भुवई. तिथे बराच वेळ थांबले आणि विचारलं, ही खूण कशाची. मी म्हणाले, तुमच्याच गाडीच्या पायरीवरून पडले होते, पहिलीत. ते हं म्हणाले. मग दुसरी भुवई, नाक, नाकाची डावी बाजू, उजवी बाजू. केस पिकलेत की कानाजवळ, असं म्हणाले, हे कधी झालं? हनुवटीपाशी आले आणि परत कपाळाकडे गेले.

"काय चाललंय अण्णा?"

"साठवून ठेवतो. उद्याचं काय सांगावं."

त्यांचं साठवून होईल. उद्या काहीही झालं तरी मी त्यांच्या आत कुठंतरी राहीन, भुवईच्या खुणेसकट, पिकल्या केसांसकट. मग वाटलं, आपणही साठवावं. मी त्यांच्याकडे पाहिलं. मिशी पांढरी, ओठावर एक दाणा चिकटलेला, डोळ्यांभोवती थेंबांनी काळवंडलेली कातडी. सगळं नीट पाहिलं आणि डोळे मिटले.

अंधार. मिशी पांढरी आहे हे माहीत होतं. मिशी नव्हती. जन्मभर बघितलेलं तोंड, आत्ता हातभर अंतरावर असलेलं, आणि पापणी पडली की ते कुठंच नव्हतं. हा माणूस एक दिवस जाईल तेव्हा माझ्याकडे त्यांचा आवाज राहील, वास राहील, ते काय काय बोलले ते राहील. चेहरा राहणार नाही. मला एकदम इतकं भ्यायला झालं की मिटलेले डोळे उघडायचंही सुचेना.

"डोळे नको मिटू, बाई," अण्णा म्हणाले. "तेवढेच बगायचे ऱ्हायलेत."

मी डोळे उघडले. त्यांची नजर माझ्या उजव्या डोळ्यापाशी आली होती आणि हळूहळू पुढे सरकत होती. आई परत येईपर्यंत आम्ही तसेच बसून होतो.